लहान होडी, मोठी बोट आणि ‘पुरे’ हा शब्द



गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामात एका नव्या हौसेने मूळ धरले आहे. मुंबईत नोकरी करणारे, आखातातून परतलेले, जहाजावरची नोकरी संपवून घरी स्थिरावलेले आपले काही बांधव सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन खाडीवर किंवा समुद्रावर जातात. पोटासाठी नव्हे, आनंदासाठी. सुरुवातीला जेटीवर उभे राहून, मग एखाद्या ओळखीच्या कोळी बांधवाच्या होडीतून. आणि मग साहजिकच मनात येते की आपली स्वतःची होडी असावी. इथवर सर्वांचे एकमत असते. मतभेद सुरू होतात ते पुढच्या प्रश्नावर: लहान घ्यावी की मोठी?

हा प्रश्न आमच्यापर्यंत निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. कोणी मिस्सा संपल्यावर हसत हसत विचारतो, “फादर, मोठी बोट घेतली तर पाप लागते का हो?” कोणाची पत्नी मात्र हसत नाही. वाडीचा एक तुकडा विकून आलेला पैसा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवायचा की बोटीत घालायचा, यावरून घरात दोन-दोन दिवस अबोला असतो. कोणाचे भाऊ भागीदारीत बोट घ्यायला निघतात आणि किती फुटांची घ्यायची यावरच बिनसते. हा प्रश्न बाजाराचा आहे, तो धर्मगुरूंकडे कशाला आणायचा, असे कोणी म्हणेल. पण ज्या प्रश्नावरून घरात अबोला धरला जातो तो निव्वळ बाजाराचा राहत नाही. शिवाय बोटीच्या जागी फ्लॅट, मोटारगाडी किंवा मुलीच्या लग्नाचा हॉल ठेवून पाहा, प्रश्न तोच राहतो: कितीला ‘पुरे’ म्हणायचे? म्हणून या आठवड्यात आपण थोडा विचार करू या.

दोन्ही बोटींचा हिशेब

आधी वस्तुस्थिती नीट पाहू. उपदेश करणाऱ्यानेही हिशेब कच्चा ठेवू नये.

समजा, एक होडी अठरा फुटी आहे. फायबरची, उघडी, मागे एक लहान इंजिन लावलेली. ती दोघांना हाताळता येते. ओहोटीला खाडीत पाणी कमी असले तरी तिचे अडत नाही. तीन-चार जण जुजबी ओळीने ढकलून तिला वाळूवर घेतात. इंजिन बिघडले तर वल्ह्यांनी कसेबसे किनारा गाठता येतो. पण तिची मर्यादाही उघड आहे. वारा वाढला की तिने परतलेच पाहिजे. तिच्यात सावली नाही, आडोसा नाही. वृद्ध आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन लांब जाता येत नाही. पावसाळ्यात तर तिने समुद्राचे नावच काढू नये.

दुसरी बोट तीस फुटी. तिला डिझेलचे इंजिन, वर छप्पर, बसायला बाके, बर्फाची पेटी. ती लाटा अधिक चांगल्या सोसते, लांब जाते, आठ-दहा माणसे घेते. पण ती वाळूवर ओढून ठेवता येत नाही. तिला बारा महिने नांगरायला जागा लागते. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होते, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा ठिकाणी मोठी बोट नांगरणे म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला बांधून घेणे होय. बहुधा तिच्यासाठी एखादा खलाशी ठेवावा लागतो. कोणतीही बोट घेतली तरी नोंदणी आणि कागदपत्रे आलीच. २००८ साली दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले तेव्हापासून किनाऱ्यावर त्याबाबत कडकपणा आहे आणि तो योग्यच आहे.

आता थोडे शाळेतले गणित. अठरावरून तीस म्हणजे लांबी दुप्पटही होत नाही. पण बोटीचा घाट तोच ठेवून ती सर्व बाजूंनी वाढवली, तर रंगवायचा आणि घासायचा पृष्ठभाग सुमारे पावणेतीनपट होतो आणि आकारमान सुमारे साडेचारपट. खर्च नेमका याच पटीत वाढतो असे नाही, पण लांबीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. माणूस बोट विकत घेताना फूट मोजतो आणि नंतर पैसे मोजतो ते घनफुटाचे. ‘हत्ती घेणे सोपे, पोसणे कठीण’ असे आपले वाडवडील म्हणत ते यासाठीच.

हौसेवर खर्च करावा का?

काही भाविकांना वाटेल की हा वादच व्यर्थ आहे. हौसेवर पैसा घालवणेच मुळी चूक. आम्हाला तसे वाटत नाही, आणि ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांनाही तसे वाटत नव्हते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात खेळ आणि करमणूक यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. तेथे ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत-रमत असल्याचे पाहून काही लोकांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्या हातात धनुष्य होते, त्याला योहानाने बाण मारायला सांगितले. एकामागून एक त्याने बरेच बाण मारले. मग योहानाने विचारले, असे सतत करत राहता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच असते, असे योहानाने त्याला दाखवून दिले. थॉमस यांच्या मते योग्य प्रमाणात खेळणे हा सद्गुण आहे, आणि ज्याला विनोद, खेळ, विश्रांती काहीच चालत नाही, जो दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्यातही एक दोष आहे.

तेव्हा सहा दिवस लोकलच्या गर्दीत चेंगरून प्रवास करणारा आपला बांधव सातव्या दिवशी खाडीत गळ टाकून शांत बसला, तर त्याला कोणी आळशी म्हणू नये. पाण्यावर बसलेला माणूस बोलत कमी असतो आणि ऐकत जास्त असतो. कित्येकांना तेथे प्रार्थना सुचते. हौस निषिद्ध नाही. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा.

जहाज कोठे जहाज राहत नाही?

प्रमाणाविषयी ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने दिलेला दाखला आपल्या विषयाशी अगदी जुळतो, कारण तो जहाजाचाच आहे. ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात तो नगर केवढे असावे याची चर्चा करतो आणि म्हणतो की प्राणी, वनस्पती, अवजारे, प्रत्येक गोष्टीला आपापले माप असते. वीतभर लांबीचे जहाज हे जहाज नव्हेच; आणि दोन स्टेडियम, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेतीनशे मीटरांच्या आसपास लांबीचे जहाज, हेही त्याच्या मते जहाज नव्हे. (आजची मालवाहू जहाजे पाहून तो थक्क झाला असता, पण त्याचा मुद्दा त्यामुळे ढळत नाही.) फार लहान झाले तरी काम बिघडते, फार मोठे झाले तरी बिघडते. माप ठरते ते वस्तूच्या कामावरून.

संत थॉमस यांनी हाच विचार माणसाच्या इच्छेला लावून दाखवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या गोष्टीकडे आपण साधन म्हणून पाहतो, तिची इच्छा मर्यादित राहते, कारण साध्य पूर्ण होईल इतकेच साधन आपल्याला हवे असते. पण साधनालाच साध्य बनवले की इच्छेला अंत राहत नाही. तहान लागलेल्याला तांब्याभर पाणी पुरते. पण ज्याला पाण्याची मालकीच हवी आहे त्याला विहीर मिळाली तर तळे हवेसे वाटते.

म्हणून कोणी विचारले की लहान की मोठी, तर आमचा पहिला प्रतिप्रश्न असा: कशासाठी? “मुलाला घेऊन खाडीत दोन तास गळ टाकायचा आहे” असे उत्तर असेल, तर अठरा फूट भरपूर झाले. “आईवडिलांना, भावंडांच्या मुलांना घेऊन वर्षातून काही वेळा एकत्र जायचे आहे” असे उत्तर असेल, तर अठरा फूट खरोखरच कमी पडतील आणि ती ओढून-ताणून वापरणे धोक्याचे होईल. पण उत्तर जर “शेजाऱ्याची चोवीस फुटी आहे” असे असेल, तर जगातली कोणतीही बोट पुरणार नाही. कारण शेजारी उद्या तीस फुटी घेईल.

प्रभू येशूने सांगितलेला धनवान शेतकऱ्याचा दाखला येथे आठवतो (लूक १२:१६-२१). त्याच्या शेतात अमाप पीक आले. कोठारे अपुरी पडली. त्याने जुनी पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि त्याच रात्री त्याचे आयुष्य संपले. लक्षात घ्या, त्या माणसाने चोरी केलेली नाही, कोणाचे धान्य हिरावलेले नाही. त्याची चूक कोठे आहे? त्याच्या सगळ्या बोलण्यात तो एकटाच आहे. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्या मोठ्या कोठारात दुसऱ्या कोणासाठी एक कोपराही राखलेला नाही. कोठार मोठे होते म्हणून तो मूर्ख ठरला नाही. त्यात तो एकटाच मावत होता म्हणून ठरला.

मोठ्या बोटीची बाजू

मोठ्या बोटीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पुष्कळ वेळा धर्माच्या नावाने लहान वस्तूंची स्तुती केली जाते आणि ती करणाऱ्यांना पैसे मोजावे लागत नाहीत. लहान असणे हाच काही सद्गुण नव्हे. अठरा फुटी होडीत सात जण कोंबून, जीवरक्षक जाकिटांचे पैसे वाचवून समुद्रात जाणारा साधा माणूस नव्हे, बेफिकीर माणूस आहे. “आम्ही बाबा साधे, आम्हाला लहानच पुरे” असे चारचौघांत सांगत फिरणाऱ्याची होडी लहान असली तरी अहंकार जहाजाएवढा असू शकतो.

संत थॉमस यांनी मोठ्या कामासाठी सढळ हाताने खर्च करण्याला सद्गुण म्हटले आहे आणि जेथे मोठा खर्च करणे योग्य तेथे हात आखडता घेणाऱ्याला दोषी धरले आहे. आपल्या पूर्वजांनी अर्धपोटी राहून वसईत उंच चर्चे बांधली ती याच भावनेने. पण थॉमस लगेच एक जोड देतात: हा सद्गुण असलेला माणूस मोठा खर्च मुख्यतः स्वतःवर करत नाही, देवाच्या आणि सर्वांच्या कामासाठी करतो. तेव्हा मोठ्या बोटीला आमचा आक्षेप नाही. ती कोणासाठी मोठी आहे, एवढेच विचारायचे.

मोठ्या बोटीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा. तो खरा आहे, पण अर्धा. एकाच लाटेत मोठी बोट लहान होडीपेक्षा अधिक सुरक्षित असते, हे निर्विवाद. अडचण अशी की मोठी बोट घेतलेला माणूस त्याच लाटेत थांबत नाही. लहान होडीवाला काळे ढग पाहून परततो. मोठीवाला म्हणतो, आपली बोट सोसेल. बोटीने दिलेली सुरक्षितता तो धाडसात खर्च करून टाकतो आणि हाती शिल्लक काहीच राहत नाही.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाच्या जहाजाची हकिगत आहे. ते लहानसहान जहाज नव्हते. त्यावर २७६ माणसे आणि गव्हाचा माल होता. प्रवासाचा हंगाम उलटून गेला होता. पुढे जाणे धोक्याचे आहे असे कैदी असलेल्या पौलाने सांगितले. पण शताधिपतीने कप्तानाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. पुढे वादळात गहू समुद्रात टाकावा लागला, जहाज माल्टा बेटाजवळ फुटले आणि माणसे पोहून, फळ्यांना आणि जहाजाच्या तुकड्यांना धरून किनाऱ्याला लागली. सर्वांचे प्राण वाचले, पण जहाजाच्या मोठेपणाने नव्हे.

कॅथलिक धर्मशिक्षेच्या ग्रंथात पाचव्या आज्ञेखाली एक वाक्य असे आहे की ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर, समुद्रावर किंवा आकाशात स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असा त्याचा आशय आहे. समुद्राचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. बोट अठरा फुटी असो वा तीस फुटी, तिच्यात बाटली घेऊन बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपली सुट्टी आणि दुसऱ्याचे श्रम

आता एका मुद्द्याकडे वळू, जो खरेदीच्या वेळी कोणी मांडत नाही. लहान होडी आपण स्वतः चालवतो, स्वतः धुतो, स्वतः ओढतो. मोठ्या बोटीला खलाशी लागतो. म्हणजे बोट एका मापापलीकडे गेली की आपली विश्रांती दुसऱ्या कोणाचे तरी काम बनते. यात आपोआप पाप नाही. माणसाला रोजगार मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. जब्दीच्या होडीवरही मजूर होते, असे मार्क सांगतो (मार्क १:२०). पण मग त्या खलाशाचा पगार वेळेवर होतो का, त्याला सुट्टी कधी असते, तो आजारी पडला तर काय, हे प्रश्न आपल्या गळ्यात येतात. आपण रविवारची विश्रांती घेण्यासाठी त्याचा रविवार खर्च होत असेल, तर त्याचाही हिशेब देवापुढे द्यावा लागेल.

आणि स्वतःच्या रविवारचे काय? भरतीची वेळ मिस्सेची वेळ पाहून येत नाही, हे आम्हाला समजते. म्हणूनच शनिवारी संध्याकाळची मिस्सा आहे. पण मोठ्या खर्चाची बोट माणसाला नकळत हाक मारू लागते. एवढे पैसे घातले, मग वापरायला नको का? एक रविवार गेला, दुसरा गेला. बोट आपल्याला विश्रांती देण्यासाठी घेतली होती, आणि आता तिचे पैसे वसूल करण्यासाठी आपण राबतो. ज्याच्यावर मालकी मिळवली तेच मालक होऊन बसते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या आपल्या परिपत्रकात याचा नेमका उलगडा केला आहे: अधिक चांगले जगावेसे वाटणे चूक नाही, पण ‘असण्या’पेक्षा ‘बाळगण्या’लाच चांगले जीवन समजणे चूक आहे.

समुद्र कोणाचा?

आपल्या हौसेचा समुद्र हा आपल्या कोळी बांधवांचे शेत आहे. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा, नायगाव येथील कुटुंबे त्यावर जगतात. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्या दोन महिन्यांत ज्यांची चूल समुद्रावर अवलंबून आहे, तेही बोट किनाऱ्याला बांधून ठेवतात. मग हौशी माणसाने तर त्या काळात गळाचीही आठवण काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

हौशी माणसाने पकडलेले मासे विकून डिझेलचे पैसे काढू नयेत, असे आम्हाला वाटते. मोठ्या बोटीचा खर्च माणसाला नेमका याच मोहात पाडतो. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याच पापलेटाची बोटभर पिल्ले मारली जातात म्हणून मच्छीमार चिंतेत आहेत. लहान मासा गळाला लागला तर अलगद सोडून द्यावा. जाळ्यांच्या तरंगत्या खुणांपासून बोट दूर ठेवावी. तुटलेले जाळे म्हणजे एका घराचा बुडालेला महिना. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जे खाणार आहोत तेवढेच पकडावे, आणि जे पकडले ते वाटून खावे.

शुभवर्तमानातील होड्या

अखेर आपल्या प्रभूकडे वळू. त्याचे कितीतरी आयुष्य होड्यांच्या सहवासात गेले. गालील सरोवराचे पाणी दुष्काळामुळे ओसरले असताना १९८६ साली तेथील गाळात एक जुनी होडी सापडली. ती प्रभू येशूच्याच काळातील, पहिल्या शतकाच्या आसपासची आहे. लांबी सव्वाआठ मीटरांच्या जवळपास, म्हणजे सुमारे सत्तावीस फूट. रुंदी सव्वादोन मीटरांहून थोडी जास्त. पेत्राची होडी अशीच काहीशी असावी. म्हणजे ती आपल्या दोन बोटींच्या दरम्यान बसते! पण तिच्याविषयी सर्वांत हृद्य गोष्ट वेगळीच आहे. ती दहा-बारा प्रकारच्या लाकडांची आहे. जिथे फळी कुजली तिथे मिळेल ते लाकूड ठोकून तिच्या मालकांनी ती वर्षानुवर्षे चालवली. नवी, मोठी घेण्याऐवजी आहे ती सांभाळली.

शुभवर्तमानात लहान होडीही आहे. लोकांची गर्दी आपल्यावर लोटू नये म्हणून एक लहान होडी जवळ ठेवायला प्रभूने शिष्यांना सांगितले (मार्क ३:९). तेवढ्या कामाला तेवढीच होडी. दुसऱ्या प्रसंगी मासे इतके मिळाले की एका होडीत मावेनात. तेव्हा शिमोन पेत्राने काय केले? मोठी होडी हवी होती म्हणून तो हळहळला नाही. त्याने दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना खूण करून बोलावले आणि दोन्ही होड्या भरल्या (लूक ५:७). होडी अपुरी पडली तेव्हा त्याला सोबती आठवले.

आणि गळाने मासा पकडल्याचा शुभवर्तमानात एकच प्रसंग आहे. आपल्या हौशी बांधवांनी तो अवश्य वाचावा (मत्तय १७:२४-२७). मंदिराच्या कराची मागणी झाली तेव्हा प्रभूने पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकायला आणि पहिला वर येईल तो मासा घ्यायला सांगितले. त्याच्या तोंडात एक नाणे मिळणार होते. ते नाणे किती किमतीचे? दोघांचा कर भागेल, बरोबर तेवढे. कमी नाही, जास्त नाही. देवाला मोठे नाणे देता आले नसते का? पण त्याने ‘पुरे’ एवढे दिले. आणि ते एकट्या पेत्रापुरते नव्हते, दोघांपुरते होते.

मग काय ठरवावे?

एवढे सगळे सांगून उत्तर न देणे बरे नव्हे. आमचे मत सरळ सांगतो. ते आज्ञा म्हणून नव्हे, सल्ला म्हणून घ्यावे.

पहिली होडी लहानच घ्यावी, किंवा आधी वर्षभर भाड्याने अथवा ओळखीच्या होडीतून जाऊन पाहावे. वर्षात खरोखर किती वेळा गेलो, कोणाबरोबर गेलो, हे वहीत लिहून ठेवावे. स्वप्नातल्या फेऱ्या आणि वहीतल्या फेऱ्या यांत केवढे अंतर पडते ते तेव्हा कळेल. त्यानंतर ती वही सांगेल की होडी वारंवार अपुरी पडते, आणि ती माणसांना अपुरी पडते, प्रतिष्ठेला नव्हे, तर मोठी घेण्यात काहीही वावगे नाही. ती सोबत्यांच्या भागीदारीत घ्यावी, सर्व अटी कागदावर लिहून घ्याव्यात. भावाभावांत तर जरूर लिहाव्यात, कारण तेथेच आपण लिहायला संकोचतो आणि नंतर कोर्टात भेटतो. कर्ज काढून हौसेची बोट घेऊ नये. वाडीचा पैसा हा वाडवडिलांच्या घामाचा पैसा असतो. त्यावर पहिला हक्क मुलांच्या शिक्षणाचा आणि वृद्धांच्या औषधांचा. आणि पती-पत्नी दोघांची मनापासून संमती असल्याशिवाय बयाणा देऊ नये. बोट पाण्यात उतरली आणि घर कोरडे पडले, असे होऊ नये. मनोरा बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने दिला आहे (लूक १४:२८). तो हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले होते की थोडक्यात समाधान मानणारे जीवन कमी प्रतीचे जीवन नव्हे. उलट ते अधिक मोकळे असते. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो: ‘पुरे’ म्हणणारा माणूस काही गमावत नाही. तो शोधणे थांबवतो आणि जे आहे ते उपभोगू लागतो. ज्याच्या मनात अजून मोठी बोट घोळत असते तो आजच्या होडीत बसलेला नसतोच. त्याच्या गळाला मासा लागतो, शेजारी मुलगा आनंदाने ओरडतो, आणि त्याचे डोळे मात्र पलीकडून जाणाऱ्या दुसऱ्याच्या बोटीवर असतात.

आपल्या घरातील पुढच्या मोठ्या खरेदीपूर्वी, मग ती बोटीची असो वा आणखी कशाची, सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर एकमेकांना हे तीन प्रश्न विचारा: हे कशासाठी हवे आहे? यात आपल्याशिवाय आणखी कोणाला जागा आहे? आणि हे मिळाल्यावर आपण ‘पुरे’ म्हणू शकू का? उत्तरे प्रामाणिक असतील तर फूट किती हा प्रश्न सुतारावर सोडून द्यायला हरकत नाही.

समुद्रावर जाणाऱ्या आपल्या सर्व बांधवांना, पोटासाठी जाणाऱ्यांना आणि हौसेसाठी जाणाऱ्यांनाही, सागरतारा पवित्र मारिया सुखरूप घरी आणो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू